मानाचा बकरा

मंचर,
१४ जानेवारी २००२

ती. आक्कास,
भरतचा साष्टांग नमस्कार.

सोबत तिळगूळ पाठवला आहे. शीलाने यंदा साजूक तुपातला केला आहे. तुझ्याकडे फोन नाही, आणि गावात दुकानावर फोन करून तुला बोलवावं तर अर्धं गाव कान लावून बसतं, म्हणून लिहितो आहे. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

तुला माहीतच आहे, चैत्री पुनवेच्या बिरदेवाच्या जत्रेचा मान यंदा आमच्या घराकडे आला आहे. म्हणजे बकरा आम्ही द्यायचा, आणि घरातल्या लहान लेकराने त्याच्या कपाळाला भंडारा लावून अंगावर तांब्याभर पाणी घालायचं. बकऱ्याने अंग झाडलं की देवाने घेतला. आमच्याकडे लेकरू म्हणजे संस्कृती एकटीच, आणि तिथेच अडचण आहे.

गेल्या वर्षापासून आम्ही इथल्या संस्कार केंद्रात जातो. पोरगी दर रविवारी जाते. स्तोत्रं, गीतेचे अध्याय, जेवणाआधी श्लोक, मोठ्यांना नमस्कार, सगळं शिकवतात. कॉलनीतली चांगली चांगली माणसं तिथे येतात, डॉक्टर, बँकेतले साहेब. केंद्रातल्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की तुमच्याकडे आहार कसा. शीला म्हणाली, आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी मांसाला शिवलेलं नाही. मी शेजारीच उभा होतो. चार लोकांत बायकोला खोटी कशी पाडणार? तेव्हापासून घरात खरोखरच बंद केलं आहे. मी खातो तो बाहेर खातो. संस्कृतीला आम्ही सांगितलंय की जत्रेत फक्त नारळ फोडतात. ती अगदी लहानपणी आली होती, तिला काही आठवत नाही.

तेव्हा विनंती अशी की यंदाचा बकरा तुझ्या नावाने व्हावा. बकरा मी धाडतो. भंडारा भावकीतलं कुठलंही पोर लावील. देवाचं देवाला पोचलं पाहिजे, त्यात मी कसूर करणार नाही, मला धंदा करायचा आहे. फक्त आमचं नाव नको, आणि पोरीच्या कानावर जायला नको.

तुझा,
भरत


आळे,
२० जानेवारी २००२

चि. भरत यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. पत्र चुलीत घातलेलं नाही. असा विनोद मला या वयात पुन्हा वाचायला मिळेल की नाही, सांगता येत नाही.

सात पिढ्या म्हणे. आपल्या आज्याच्या मागच्या पिढीतलं एक नाव तरी तुला सांगता येतं का? आजा मेंढरांमागे फिरला, आपल्या वडिलांनी, दादांनीही निम्मं आयुष्य मेंढरांमागे घालवलं, आणि अशा घरात कुणी मांसाला शिवलं नाही हे त्या ताईंनी खरं मानलं असेल, तर त्यांच्या भोळेपणाला हात जोडले पाहिजेत. तुझ्या लग्नानंतरच्या जागरणात शीलाच्या माहेरच्यांनी रस्सा मागून मागून घेतला होता. वाढायला मीच होते. तेव्हा कुणाला पिढ्या आठवल्या नाहीत.

आणि तू बाहेर खातोस. म्हणजे हायवेवरच्या ढाब्यावर, ओळखीचं कुणी नाही असं बघून, रस्त्याकडे पाठ करून. मार्केट यार्डात गाळा असलेला कांद्याचा अडत्या, मंचरात ज्याच्या शब्दावर लिलाव सुरू होतो असं तू सांगत असतोस, तो चोरून जेवतो आणि तोंड पुसून घरी येऊन पोरीकडून श्लोक ऐकतो. याला तू संस्कार म्हणतोस. मी काय म्हणेन ते लिहायला मला लाज वाटते, कारण मी शाळेत शिकवलेलं आहे.

मी देव मानत नाही हे गावाला माहीत आहे. बिरदेवाला मी नारळही फोडत नाही. पण फोडत नाही असं तोंडावर सांगते, आणि जत्रेच्या पंगतीला सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसते, कारण ती माणसं माझी आहेत. तुझं उलटं आहे. तुला देवाची भीती वाटते आणि माणसांची लाज वाटते. आणि ही दोन्ही ओझी तू त्या दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवतो आहेस.

दादांनी आपल्याला समोर बसवून धर्म म्हणून काही शिकवलं नाही. तळेघरच्या बाजूला मेंढरं बसवली होती तेव्हा तुझा डोळा लागला आणि मेंढरं कुणाच्या नाचणीत घुसली, आठवतंय? तू गप्प बसला होतास. दादांनी कान धरून तुला त्या माणसाच्या दारात नेलं आणि म्हणाले, "सांग, कुनाची मेंढरं व्हती ती." तू रडत रडत सांगितलंस. त्या माणसाने तुला ताक पाजलं आणि परत पाठवलं. एवढाच तुझा संस्कार वर्ग. तो फुकट गेला हे मला या संक्रांतीला कळलं.

तेव्हा बकरा माझ्या नावाने होणार नाही. मान तुझ्या घराचा, बकरा तुझा, आणि भंडारा तुझी लेक लावील. हौसेने संस्कृती नाव ठेवलंस, तर तिला एकदा तिची माणसं तरी बघू दे.

शीलाला सांग, तूप जास्त झालं होतं.

आक्का


मंचर,
२ फेब्रुवारी २००२

ती. आक्कास,
भरतचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी गाळ्यावर वाचलं. शीलाला दाखवलेलं नाही. तुझी जीभ तशीच आहे, याचा आनंद झाला असं समज.

तुला सगळ्याची थट्टा करता येते. तू शिकलीस, नोकरी केलीस, तुला बाई म्हणून मान मिळाला. मी यार्डात पहिली पाच वर्षं पाठीवर गोण्या घेतल्या. आजही कुणी डॉक्टर घरी आला तर शीला आधी खोलीत घोंगडी दिसते का ते बघते. आमची पोर त्या पोरांच्या रांगेत बसली, तिचा उच्चार त्यांच्यासारखा झाला, यात आमचं काय चुकलं? तिचा गीतेचा पंधरावा अध्याय तोंडपाठ आहे. तालुक्याच्या स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं. तुझ्या शाळेत तीस वर्षांत किती पोरांना मिळालं?

आणि तू म्हणतेस खोटं शिकवतो. उलट पोरगी इतकी खरी झाली आहे की आम्हालाच जपून बोलावं लागतं. मागे ताईंच्या घरी प्रसादाचा शिरा करपला होता. सगळ्या बायका छान झालाय म्हणाल्या. ही म्हणाली, ताई, करपलाय. आम्ही घामाघूम झालो. पण ताई हसल्या, म्हणाल्या, सत्यवचनी मुलगी आहे, आपल्या केंद्राचं भूषण आहे. आता १० मार्चला केंद्राचा वार्षिक कार्यक्रम आहे, बाहेरून महाराज येणार आहेत, आणि 'माझे घर, माझे संस्कार' या विषयावर बोलायला सगळ्या मुलांतून तिला निवडलंय. भाषण शीलाने लिहिलं, ताईंनी तपासलं. त्याच दिवशी उत्सव समितीचा अध्यक्ष म्हणून माझं नाव जाहीर व्हायचं आहे.

बकऱ्याचं मी बघतो. सावळारामदादांशी बोलणं झालंय. देवाचं सगळं तेच करतात, तेव्हा कुणाच्या नावाने करायचं तेही तेच ठरवतील. कांदा उतरवून परत जाणाऱ्या गाडीतून बकरा जाईल. पोरीची परीक्षा आहे असं सांगून आम्ही येणार नाही.

तू काही करू नकोस. फक्त गप्प बस. आयुष्यात एकदा जमेल का ते बघ.

तुझा,
भरत


आळे,
२६ फेब्रुवारी २००२

चि. भरत यास,
आशीर्वाद.

नाही जमलं.

डोळे दाखवायला मी रविवारी मंचरला आले होते. तू गाळ्यावर होतास आणि शीला महाराजांसाठी पडदे आणायला गेली होती. म्हणून पोरीला गाठायला मी थेट तुमच्या केंद्रात गेले. मला कुणी अडवलं नाही. नऊवारीतली म्हातारी बघून त्यांना वाटलं असेल की कुणाच्या घरची कामवाली आली आहे. मागे सतरंजीवर बसले.

पोरांचं पाठांतर उत्तम आहे. शेजारच्या एका गोंडस मुलाला मी हळूच विचारलं, आत्ता जे म्हणालास त्याचा अर्थ काय रे. तो म्हणाला, अर्थ पुढच्या वर्षी असतो. ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांची मला कीव आली, आणि थोडं कौतुकही वाटलं, कारण आमच्या जिल्हा परिषदेला हे सुचलं नव्हतं.

मग ताई आहारावर बोलल्या. जे मांस खातात त्यांचे विचार हिंसक होतात, आणि त्यांच्या मुलांवर संस्कार टिकत नाहीत, असं त्या गोड आवाजात सांगत होत्या. तुझ्या लेकीने हात वर केला. म्हणाली, ज्यांचे आईबाबा मटण खातात ती मुलं वाईट असतात का? ताई म्हणाल्या, प्रश्न शेवटी. शेवटी आरती झाली आणि केळी वाटली. पोरीचा हात केळं घ्यायला खाली आला तेवढाच.

ती मला एसटी स्टँडवर सोडायला आली. स्टँडवर बसल्यावर तिने विचारलं, "आत्या, आपल्या देवाला बकरा कापतात का?"

मी म्हटलं, कापतात.

"बाबांना माहीत आहे?"

मी म्हटलं, यंदाचा बकरा त्यांचाच आहे.

गाडी येईपर्यंत ती पायातल्या चपलेकडे बघत बसली. मग म्हणाली की हे बाबांनी आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं. गाडीत चढताना तिने माझ्या पाया पडून घेतलं, तुमच्या केंद्रात शिकवतात तसं, उजवा हात उजव्या पायाला.

आता तुला रागावायचं तर रागाव. लेकराने सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. तुला हे अवघड वाटत असेल, पण करून बघ, सवयीने जमतं.

आक्का


मंचर,
११ मार्च २००२

ती. वन्संना,
शीलाचा नमस्कार. रीत म्हणून लिहिला आहे.

तुम्हाला जे करायचं होतं ते झालं. आता ऐका.

काल कार्यक्रमाला सगळं मंचर लोटलं होतं. मी पोरीला नऊवारी नेसवली, खोपा घातला. महाराज समोर बसले होते, यांना व्यासपीठावर खुर्ची होती. तिने सुरुवात छान केली. माझं घर म्हणजे मंदिर आहे, इथपर्यंत सगळं पाठ केल्याप्रमाणे म्हणाली. मग थांबली. मला वाटलं विसरली, म्हणून मी खालून ओठ हलवून पुढचं वाक्य सांगायला लागले. ती माझ्याकडे बघून माईकवर म्हणाली, "आई, पुढचं मला येतंय. पण ते खरं नाही."

मग जे बोलली ते तुम्हाला शब्दाशब्दाने लिहिते, कारण रात्रभर माझ्या कानात तेच चाललंय. "यंदा आमच्या देवाच्या जत्रेचा बकरा आमच्या घरचा आहे. बाबा बाहेर मटण खातात. सात पिढ्यांचं आईने आपल्या मनाने सांगितलं होतं. ताईंनी शिकवलंय की खोटं बोलणं पाप आहे, म्हणून मी सांगितलं. आमच्या घरी सगळे चांगले आहेत. नमस्कार."

खाली उतरून माझ्या शेजारी येऊन बसली आणि विचारलं, बरोबर बोलले ना? मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. मला ऐकू जाईल इतक्या जोरात त्या म्हणाल्या, शेवटी मेंढरांमागचीच ती. वन्सं, तुम्ही आम्हाला हसता. पण हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी सात पिढ्या म्हणाले होते. तुम्ही ते ऐकलं नसेल, तुम्ही बाई होतात, तुमच्या हातात छडी होती.

अध्यक्ष म्हणून बँकेतल्या साहेबांचं नाव वाचलं. यांनी टाळ्या वाजवल्या. आज सकाळी ताईंचा फोन आला, मुलीला थोडे दिवस घरीच राहू द्या, तिच्या मनावर ताण दिसतो. खोटं बोलणं पाप, हे शिकवणाऱ्या बाईने असं सांगितलं.

पोर सकाळपासून विचारते आहे, रविवारी मी का जायचं नाही. उत्तर तुम्हीच लिहून पाठवा.

शीला


आळे,
१६ मार्च २००२

चि. सौ. शीला हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून त्या डॉक्टरीणबाईला भेटावंसं वाटलं. तिच्या नवऱ्याकडे आपल्याच मेंढरांमागच्या बायका तपासून घ्यायला जातात, तेव्हा तिला नोटांचा वास येत नाही. तुला लागलं ते मला कळतं. पण तू तिच्यासारखी दिसायला निघालीस ती चूक होती, आणि ते सोंग पोरीच्या अंगाला शिवलंस ती दुसरी चूक.

पोरीचं मात्र मला नवल वाटतं. मी तिला पोपट समजत होते. तुमच्या केंद्राने शेकडो पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं असेल, त्यातलं एक लेकरू खरोखर शिकलं, तर त्याला वर्गातून काढलं. शाळा चालवायची ही तऱ्हा मी पहिल्यांदाच बघते आहे.

तिला सांग की रविवारी जायचं नाही कारण ताईंना खरं ऐकायची सवय नाही. आणि जत्रेला तिला घेऊन या. आता लपवायला उरलंय काय? इथे तिला कुणी सात पिढ्या विचारणार नाही. इथे आपण जे आहोत ते आहोत. माझ्या माणसांत तिला एक अक्षर खोटं बोलावं लागणार नाही, याची हमी माझी.

आक्का


मंचर,
८ एप्रिल २००२

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

थोडक्यात लिहितो, यार्डात कांद्याची आवक फार आहे. आम्ही तिघेही जत्रेला येतो आहोत. बकरा उघड गाडीत घालून आणतो, ढोल लावून. चोरून करून काय मिळालं? समितीतले दोघेजण तर आता मलाच ढाब्यावर भेटले, रस्त्याकडे पाठ करून बसलेले. मी त्यांना लांबून हात केला.

शीला अजून तुझं नाव काढलं की भांडी आपटते, पण येते आहे.

संस्कृती फार विचारत असते. भंडारा का लावायचा, पाणी का घालायचं, बकऱ्याला दुखतं का. मला सांगता येत नाही. तू सांगशील म्हणून थांबवून ठेवलंय. तिला तुझा फार भरवसा आहे. म्हणते, आत्या विचारलं की सांगते.

तुझा,
भरत


आळे,
३ मे २००२

चि. भरत यास,
आशीर्वाद.

जत्रेहून तू न जेवता, न सांगता निघून गेलास. पंगत मांडलेली होती. माणसं काय म्हणाली ते तुला ऐकावं लागलं नाही, मी इथेच राहते, मला लागलं.

झालं ते तू पाहिलंसच, पण तू बायकोपोरीला गाडीत घालायच्या घाईत होतास, म्हणून माझी बाजू लिहिते. पोरीने भंडारा लावला, पाणी घातलं, इथपर्यंत सगळं नीट झालं. बकऱ्याने अंग झाडलं. देवाने घेतला म्हणून लोकांनी भंडारा उधळला, ढोल सुरू झाला. तेवढ्यात सावळारामाने कौतुकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बघितला का देव, बाय?" आता हो म्हणायला काय झालं होतं? ती म्हणाली, "देव नाही आला. पाणी गार होतं म्हणून त्याने अंग झाडलं."

ढोल थांबला. सावळारामाने तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "आमी पिढ्यान्‌पिढ्या खोटं हाय का मग?" असं म्हणाला. "हिच्या हातचं देवाला चालायचं न्हाई. हिला हितनं न्या." मग ती माझ्याकडे वळली. सगळ्यांच्या देखत विचारलं, आत्या, तू सांग, तू मानतेस का?

तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? चारशे माणसं, सगळी भावकी, सावळाराम भंडाऱ्याने माखून थरथरतोय. मी म्हटलं, लहान आहे, शहरात वाढली, तिला काही कळत नाही. असं म्हटलं म्हणून तिथे पुढे काही झालं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाडीकडे गेली. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय होतं?

दोष तुझ्या केंद्राचा आहे. खरं कुठे बोलावं आणि कुठे तोंड मिटावं हे न शिकवता नुसतं खरं बोला शिकवून ठेवलंय. डोकं फिरवलंय लेकराचं.

जत्रेपासून सावळारामाच्या घरून येणारं दूध बंद आहे. त्याची सून वाटेत दिसली तर तोंड फिरवते. माझ्या घराला गावाबाहेर माळावर दुसरा शेजार नाही, तुला माहीत आहे. म्हणून सांगते, पोरीकडून त्याला दोन ओळी लिहून घे. बकऱ्यात देव आला होता, मी चुकले. एवढंच. कुणी तिला मनापासून मान असं म्हणत नाही. नुसतं म्हणायला काय जातं?

आक्का


मंचर,
११ मे २००२

ती. आत्यास,
संस्कृतीचा नमस्कार.

तुझं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं. ते म्हणाले, हे तूच वाच, मला समजावता येत नाही.

मी मध्येच बोलले म्हणून सावळारामआजोबांचा ढोल थांबला, त्याचं मला वाईट वाटलं. पण त्यांनी विचारलं होतं. त्यांनी विचारलं नसतं तर मी काही बोलणार नव्हते. बकऱ्याचे डोळे फार जवळ होते आणि मला रडू येत होतं.

घरी आल्यावर मी समोरच्या घरच्या कुत्र्यावर तांब्याभर गार पाणी टाकलं. त्यानेपण अंग झाडलं. मी बाबांना दाखवायला बोलावलं. बाबा हसले, पण आई चिडली आणि म्हणाली, पुन्हा असं केलंस तर जेवायला मिळणार नाही.

मला केंद्रातून काढलं तेव्हा मला वाटलं होतं की तिथली माणसं तशी आहेत. मग आई म्हणाली आता जत्रेतूनपण काढलं. मी आईला विचारलं, खरं चालतं असं ठिकाण कुठे असतं. आई म्हणाली, तुझ्या आत्याला विचार. पण तू तर म्हणालीस की मला काही कळत नाही. मला कळतं, आत्या. तुलापण माहीत आहे की मला कळतं.

काल आमच्याकडे बाबांच्या ओळखीच्या एक काकू आल्या होत्या. त्या दुसऱ्या एका केंद्रात जातात, नारायणगावच्या. त्यांनी आईच्या समोर मला विचारलं, तुमच्याकडे मांसाहार करतात का गं? मी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी शिवलेलं नाही. काकू गेल्यावर आईने मला जवळ घेतलं, खूप दिवसांनी, आणि म्हणाली, शहाणी झाली माझी बाई. जून महिन्यापासून मी त्या केंद्रात जाणार आहे.

सोबत वेगळा कागद आहे, तो सावळारामआजोबांना दे. तू सांगितलंस तसंच लिहिलंय, बकऱ्यात देव आला होता, मी चुकले. अक्षर चांगलं काढलंय. आता तुझं दूध सुरू होईल.

तूपण मला शहाणी म्हणशील ना?

तुझी,
संस्कृती